पहिल्या रविवारची मोजणी

रविवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी पहिला दगड उलटला गेला. त्याखाली काही नव्हतं. साडेनऊपर्यंत एक्केचाळीस माणसांनी मिळून शंभर दगड उलटले, नेमाप्रमाणे प्रत्येक दगड पुन्हा होता तसा ठेवला, आणि दहा पांढऱ्या ताटल्यांत मिळून जमा झालं ते एवढंच: सोळा लाल अळ्या आणि दोन जळवा. महिन्यापूर्वी त्याच जागी, त्याच ताटल्यांत नऊ प्रकारचे जीव निघाले होते.

गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, सगळे सुट्टीवर गेले का?" दोघं-तिघं हसले. भिंगकाका हसले नाहीत. त्यांनी वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, पाण्याचं तापमान लिहिलं आणि सगळ्यांना दहा मिनिटं लवकर घरी जायला सांगितलं. अकरा वर्षांत असं प्रथमच झालं.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पाणी कार्यालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. रविवार असल्यामुळे पहारेकऱ्याने उचलला. भिंगकाकांनी सांगितलं की जुन्या पुलापासून बंधाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यातले जीव मेले आहेत, गेल्या काही दिवसांत कुणीतरी पाण्यात काहीतरी सोडलं असणार, ताबडतोब नमुने घ्यायला माणूस पाठवा. पहारेकऱ्याने विचारलं, मासे वर आलेत का? भिंगकाका म्हणाले, मासे नाहीत, किडे. मग पहारेकरी म्हणाला की तो लिहून घेतो, पण किडे मेले म्हणून तक्रार आल्याचं त्याच्या नोकरीत तरी आठवत नाही.

भिंगकाकांचा धंदा चष्म्याचा. बस थांब्यासमोर त्यांचं दुकान आहे. काचा ते स्वतः घासतात आणि खिशात सदैव एक भिंग असतं, म्हणून हे नाव. वय एकोणसाठ. नदीची मोजणी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीबरोबर सुरू केली. बहीण शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना निम्मं गाव अजून बाईच म्हणतं. कामाची वाटणी पहिल्या दिवशीच ठरली आणि कधी बदलली नाही. बाई लोकांना गोळा करायच्या, मुलांना पाण्यात उतरवायच्या, कोणता किडा काय खातो ते सांगायच्या. भिंगकाका लिहायचे.

पद्धत साधी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेआठ वाजता जो येईल तो नदीत उतरतो. दहा गट, प्रत्येक गटाला दहा दगड आणि एक ताटली. दगड उलटायचा, खालचे जीव हलक्या ब्रशने ताटलीत घ्यायचे, ओळखायचे, परत सोडायचे. ज्या जिवाला स्वच्छ पाणी लागतं त्याला जास्त गुण. तीन शेपट्यांच्या किड्याला दहा, वाळूच्या कणांचं घर बांधून त्यात राहणाऱ्या अळीला नऊ, जळूला तीन, लाल अळीला दोन. ती अळी गटारातही सुखाने राहते. सगळ्यांची सरासरी पाचच्या वर आली की पट्टा चांगल्या गटात.

भिंगकाकांनी स्वतःसाठी एक नियम घातला होता: मोजणीत आपण दगडाला हात लावायचा नाही. सरावलेला माणूस कुठे काय सापडेल हे ओळखून तिथेच हात घालतो, आणि मग आकडा नदीचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. म्हणून नोंद व्हायची ती फक्त लोकांच्या हाताला लागलेल्याची. हा नियम ते नव्या माणसाला अभिमानाने सांगत. एकशे सत्तावीस रविवार त्यांनी तो पाळला. पाच रविवार पुरामुळे झाले नाहीत, तेही वहीत तसे लिहिलेले आहेत.

या आकड्यांचा चढउतार इथे सांगणं भाग आहे. पहिली दोन वर्षं सरासरी सहाच्या आसपास होती. नऊ वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना सुरू झाला आणि सरासरी दर वर्षी थोडी थोडी उतरत आठव्या वर्षी तीन पूर्णांक चारवर आली. मग ती अचानक चढली. गेली तीन वर्षं वर्षाची सरासरी साडेपाचच्या खाली आली नव्हती. भिंगकाकांनी आनंदाने एक पत्रक छापून दुकानात लावलं, 'नदी परत येते आहे', आणि वहीची एक प्रत पाणी कार्यालयाला स्वतः नेऊन दिली.

रिकाम्या निघालेल्या रविवारच्या तीन आठवडे आधी त्या प्रतीला पाय फुटले. कारखान्याने दुप्पट सांडपाणी सोडण्याची परवानगी मागितली, आणि अर्जाला पुरावा म्हणून भिंगकाकांचीच वही जोडली. अर्जात लिहिलं होतं की आमचं सांडपाणी नदीत जात असताना नागरिकांच्याच नोंदींप्रमाणे नदीतलं जीवन तीन वर्षं वाढलेलं आहे. सबब नदी आणखी पेलू शकते. सुनावणी मोजणीच्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी होती. तिथे काय बोलायचं हे भिंगकाकांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं: जी नदी कशीबशी सावरते आहे तिच्यावर ओझं दुप्पट करू नका. आणि त्या सुनावणीच्या तोंडावर नदी रिकामी निघाली. कारखान्यानेच काहीतरी सोडलं, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

सोमवारी कार्यालयातून अभियंता मॅडम आल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, गमबूट स्वतःचे आणलेल्या. त्यांनी चार ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरलं आणि मग स्वतः दगड उलटायला लागल्या. भिंगकाका काठावर उभे होते. वीस-पंचवीस दगडांनंतर मॅडमनी एक सपाट दगड उचलून त्यांच्याकडे केला आणि विचारलं, इथे घर बांधणाऱ्या अळ्या होत्या म्हणता, मग त्यांची घरं कुठे आहेत?

भिंगकाकांना प्रश्न कळला नाही. मॅडमनी सांगितलं की अळी मेली तरी तिचं वाळूचं घर काही दिवस दगडाला चिकटून राहतं. तीन शेपट्यांचे किडे वाढताना कात टाकतात, त्या काती दगडांच्या खाचांत अडकतात. इथे एकही घर नाही, एकही कात नाही. "हे गेल्या आठवड्यात मेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे कुणी राहतच नव्हतं."

बुधवारी दुपारी पाण्याचा अहवाल आला. गेल्या तीन वर्षांतल्या कार्यालयाच्या स्वतःच्या नमुन्यांपेक्षा पाण्यात काहीही फरक नव्हता. काल जसं घाण होतं तसंच आज होतं.

भिंगकाका दुकान साडेपाचला बंद करून अहवाल घेऊन बहिणीकडे गेले. बाई दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर. त्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर स्टुलावर दोन उशा आणि उशांवर पाय. मोजणीच्या आदल्या शुक्रवारी जिन्यात त्यांचा पाय मुरगळला होता. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच मोजणीला आल्या नव्हत्या. भिंगकाकांनी अहवाल वाचून दाखवला, घरांचं आणि कातींचं सांगितलं, आणि म्हणाले की आता एकच अर्थ निघतो, की मॅडमना काही कळत नाही. मागच्या महिन्यात मी डोळ्यांनी पाहिलंय, असंही म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. तो भिंगकाकांनीच बनवून दिलेला होता.

"शनिवारी मला जाता आलं नाही रे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वरच्या ओढ्यावर."

भिंगकाकांना वाटलं, बहीण आपल्या फिरण्याबद्दल बोलते आहे. महिन्यातून एका शनिवारी बाई बसने अकरा किलोमीटर वर, जंगलाच्या कडेला जायच्या. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणायच्या. जाताना झाकणाची बादली न्यायच्या, येताना मॉस आणि ओली माती आणायच्या, कुंड्यांसाठी. ते म्हणाले, फिरणं एक वेळ चुकलं तर काय बिघडलं.

"फिरायला नाही, अरे. आणायला."

पुढचं बाईंनी सरळ सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं, मध्ये न थांबता. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी शाळेची बस आली होती, बावन्न मुलं. दीड तास दगड उलटून त्यांना लाल अळ्यांशिवाय काही मिळालं नाही. बसमध्ये चढताना एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, मेलेली नदी आहे, चल. त्यांच्या शिक्षिकेने बाईंना नम्रपणे सांगितलं की पुढच्या वर्षी आम्ही बागेत जाऊ. बाईंना वाटलं, या मुलांच्या डोक्यात नदी एकदा मेली की मोठेपणी तिच्यासाठी एकही जण बोटसुद्धा उचलणार नाही. पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी त्या ओढ्यावर गेल्या. ओलं मॉस घातलेल्या बादलीत दीडदोनशे जीव आणले आणि संध्याकाळी इथे नदीच्या पायऱ्यांजवळच्या दगडांखाली सोडले, जिथून मुलं सुरुवात करतात. एकदाच करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांचे चेहरे पाहिले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. मनात असंही होतं की आणलेल्यांतले काही इथे रुजतील, वाढतील. रुजले नाहीत. दर महिन्याला नवे आणावे लागत.

भिंगकाकांनी विचारलं, "किती वेळा?"

"मोजलं नाही. दोन-चार महिने चुकले असतील. पावसात बस बंद होती तेव्हा. गढूळ पाण्यात कमी निघालं तरी तुला नवल वाटलं नाही."

"ताई, तू मोजलं नाहीस?"

"मोजायचं काम तुझं होतं."

भिंगकाकांनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाले की आपण शास्त्राचं काम करत होतो आणि तू त्यात भेसळ केलीस. बाई म्हणाल्या की त्या शास्त्राचं काम करत नव्हत्या, त्या शिकवत होत्या. वर्गात बेडूक दाखवायचा तर बाहेरून आणावाच लागतो. तो वर्गात जन्मला असं कुणी समजत नाही. भिंगकाका म्हणाले, पण मी समजत होतो. मी लिहीत होतो.

"मला वाटायचं, ते तू तुझ्या समाधानासाठी लिहितोस," बाई म्हणाल्या. "लहानपणी नाही का, बसचे नंबर लिहायचास."

कारखान्याच्या अर्जाची नोटीस भिंगकाकांनी बहिणीला याच खोलीत वाचून दाखवली होती. तेव्हा त्या काहीच बोलल्या नव्हत्या. तो विषय भिंगकाकांनी दाराशी जाऊन काढला.

"पाय मुरगळला नसता तर ती नोटीस ऐकूनही या वेळी गेली असतीस?"

"गेले असते," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुला काय सांगितलं असतं?"

घरी जेवताना भिंगकाका बोलले नाहीत. बायकोने, म्हणजे काकूंनी, दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा ताट बाजूला सरकवून समोर बसल्या, तेव्हा सगळं बाहेर आलं. काकूंनी ऐकून घेतलं. घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा आपला नवरा नदीतल्या किड्यांसाठी अकरा वर्षं रविवार देतो, यावर त्या पाहुण्यांसमोर नेहमी टोमणे मारत आल्या होत्या. या वेळी टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाल्या की वन्संनी ती बादली नेहमी आपल्याकडूनच नेली, आणि परत आली की तिला ओढ्याचा वास यायचा. मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुढचे दोन दिवस भिंगकाका दुकानाच्या मागच्या टेबलावर वही घेऊन बसले. त्यांना वाटलं, नोंदी वेगळ्या काढता येतील. काही जीव फक्त जोराच्या, थंड पाण्यात जगतात. अंगाने चपटे, दगडाला घट्ट चिकटणारे. ते इथल्या संथ, गाळाच्या पाण्यात सापडले म्हणजे ओढ्यावरूनच आले असणार. अशा नोंदी शोधताना त्यांना स्वतःच्याच अक्षरात समासात तीन ठिकाणी 'आश्चर्य' लिहिलेलं सापडलं. एके ठिकाणी खाली दोन रेघा होत्या. संथ पाण्यात तो जीव का, हा प्रश्न त्यांना तेव्हाही पडला असणार. त्यांनी आश्चर्य लिहिलं आणि पान उलटलं.

चपटे वगळले तरी हिशेब जुळेना. काही प्रकार ओढ्यातही राहतात आणि नदीतही. त्यांच्यातले कुठले बादलीतले आणि कुठले इथले, हे आता कोणत्याही भिंगातून दिसणार नव्हतं. त्या तीन वर्षांत मोजणी झालेले चौतीस रविवार होते. त्यांतले किती बाईंनी वगळले आणि कुठले, ते बाईंनाही माहीत नव्हतं. तीन वर्षांत या नदीत खरोखर काय होतं, हे जगात कुणालाच माहीत नाही, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

शनिवारी दुकान बंद ठेवून ते बसने ओढ्यावर गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः दगड उलटले. बाई जिथून जीव आणायच्या तिथे, रस्त्याच्या पुलाखाली, वीस दगड. मग पन्नास पावलं वर जाऊन आणखी वीस. वरच्या जागी खालच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट जीव होते. रस्त्यामुळे असेल, उन्हामुळे असेल, किंवा तीन वर्षं दर महिन्याला कुणीतरी बादली भरून नेल्यामुळे असेल. भिंगकाकांनी दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं: आधीची नोंद नाही. हे त्यांनी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी ते अभियंता मॅडमकडे गेले आणि वहीची प्रत परत मागितली. मॅडमनी समजावलं की ती आता फाईलमध्ये आहे; परत मिळणार नाही. चुकीची आहे असं वाटत असेल तर कारणासकट लेखी द्यावं लागेल. भिंगकाकांनी कारण सांगितलं. मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते भिंगकाकांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कारखाना आल्यापासून नदी बिघडली याचा एकमेव पुरावा वहीची पहिली आठ वर्षं हाच होता. तेव्हा कार्यालयाचे स्वतःचे नमुने वर्षातून एकदा घेतले जात आणि त्यांतले निम्मे गहाळ होते. तीन वर्षं खोटी आहेत असं तुम्ही सांगितलंत, मॅडम म्हणाल्या, की त्यांचे वकील आठही उडवायला सांगतील. नाही सांगितलंत तर तीन वर्षांच्या जोरावर परवानगी मिळेल. आणि एवढं बोलून त्यांनी सांगितलं की यातलं काहीही त्या बोललेल्या नाहीत.

म्हणजे गप्प बसलं तर नदी जाणार हे नक्की होतं, आणि बोललं तर वही जाणार, शिवाय नदीही जाऊ शकत होती. भिंगकाकांनी मंगळवारी निवेदन लिहिलं. अकरा ओळी झाल्या. मुख्य वाक्य असं होतं: सदर काळात मोजणीच्या जागी इतर ठिकाणचे जीव सोडले गेले असल्याचं निदर्शनास आलं आहे.

काकूंनी वाचलं. "सोडले गेले म्हणजे? बसने स्वतः तिकीट काढून आले?"

भिंगकाका म्हणाले, मी ताईचं नाव लिहिणार नाही. काकू म्हणाल्या, मग स्वतःचं लिहा. ते म्हणाले, ते खोटं होईल. मग वन्संना विचारा, काकू म्हणाल्या, आणि भिंगकाकांनी नाही म्हटलं तेव्हा काकूंनी स्वतः जाऊन विचारलं. बाईंनी काय उत्तर दिलं ते काकूंनी नवऱ्याला सांगितलं नाही.

गुरुवारची सुनावणी अकराची होती, सुरू झाली सव्वाअकराला. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, तीसेक खुर्च्या, सुनावणी घेणारे अधिकारी मधल्या टेबलाशी, एका बाजूला कारखान्याचे वकील आणि दोन माणसं, दुसऱ्या बाजूला भिंगकाका आणि मोजणीला येणारे सहा-सात जण. त्यांना काही माहीत नव्हतं. ते नदीच्या बाजूने बोलायला म्हणून कामावरून सुट्टी काढून आले होते.

भिंगकाकांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा दार उघडलं आणि बाई आत आल्या. हातात काठी, मागे काकू. लिफ्ट बंद असल्यामुळे तीन जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं की भावाच्या आधी बोलले तर चालेल का. चालेल, म्हणाले.

बाई सहा मिनिटं बोलल्या. तीन वर्षं, ओढा, बादली, पायऱ्यांजवळचे दगड. भावाला मागच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. का केलं ते विचारल्यावर सांगितलं, आपणहून सांगितलं नाही. मोजणीला येणाऱ्यांपैकी एक आई, जिच्या दोन मुली दर महिन्याला यायच्या, उठून बाहेर गेली. बाकीचे खाली बघत होते.

कारखान्याचे वकील सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाईंना बसून बोलायला सांगितलं. मग विचारलं, "मागची तीन वर्षं खोटी आहेत असं आपण म्हणता. त्याआधीची आठ खरी, हे कशावरून मानायचं?"

भिंगकाका उभे राहिले होते. त्यांनी हातातली वही पहिल्या पानावर उघडली.

"आमच्या शब्दावरून," बाई म्हणाल्या. "आणि आमचा शब्द किती धरायचा, ते मी आत्ताच सांगितलंय तुम्हाला."

वकिलांनी मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. भिंगकाकांनी आपल्या अकरा ओळी वाचल्या. 'सोडले गेले असल्याचं निदर्शनास आलं आहे' या ठिकाणी ते थांबले, आणि ते वाक्य न वाचता पुढे गेले.

जिना उतरताना बाईंनी एका हाताने कठडा धरला होता. दुसरा हात काकूंच्या खांद्यावर होता. भिंगकाका चार पायऱ्या पुढे होते. मध्ये एकदा ते थांबले, त्या दोघी जवळ येईपर्यंत थांबले, आणि मग पुन्हा चालू लागले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवून दोघींना बसवलं आणि स्वतः चालत दुकानात गेले.

आदेश आठ दिवसांनी आला. दीड पान. शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी विचारातून वगळल्या आहेत. पहिल्या आठ वर्षांच्या नोंदींबाबत मत राखून ठेवलं आहे. पाणी कार्यालयाने नव्वद दिवसांत सात ठिकाणी स्वतः मोजणी करावी. तोपर्यंत कारखान्याला वाढीव परवानगी नाही, सध्याची चालू राहील. कारखान्याने या आदेशाविरुद्ध अपील केलं आहे.

शाळेने ठरलेल्या दोन सहली रद्द केल्या. मोजणीला येणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटावर चार दिवस कुणीच काही लिहिलं नाही, मग एका वडिलांनी लिहिलं की निदान त्यांच्या मुलीने तो तीन शेपट्यांचा किडा आयुष्यात एकदा पाहिला. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की माझ्या मुलाने घरी मत्स्यालयातला मासाही पाहिलाय. भिंगकाकांनी दुकानातलं पत्रक काढलं. त्या जागी भिंतीचा रंग थोडा वेगळा दिसतो.

कार्यालयाच्या मोजणीपैकी दोन ठिकाणं झाली आहेत. अभियंता मॅडम ते काम स्वतः करतात. आकडे विचारल्यावर त्या म्हणाल्या की सातही झाल्याशिवाय सांगता येणार नाहीत. तिसरं ठिकाण धरणातून पाणी सोडल्यामुळे पुढे ढकललं गेलं आहे.

सुनावणीनंतर भाऊबहिणींची गाठ पडलेली नाही. डबा घेऊन काकू एक दिवसाआड बाईंकडे जातात आणि परत आल्यावर नवऱ्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात: आज त्या खाली किराणा दुकानापर्यंत जाऊन आल्या, आज बाल्कनीत बसल्या होत्या. पुढचा पहिला रविवार जवळ आला तेव्हा मोजणी होणार का, असा फोन तेरा जणांनी केला. भिंगकाकांनी तेराही जणांना हो म्हणून सांगितलं, आणि या वेळी मीही दगड उलटीन, असं त्यातल्या दोघांना सांगितलं.

काल, शनिवारी, दुपारी चार वाजता दुकानातला फोन वाजला. बाईंचा होता. उद्या किती वाजता, त्यांनी विचारलं. साडेआठ, भिंगकाका म्हणाले. बाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. येते असं त्या म्हणाल्या नाहीत, ये असं भिंगकाकांनीही म्हटलं नाही.